गावाला निघण्याआधी टायरची हवा : घरचा पंप कुठवर पुरतो?



सुट्ट्या लागल्या की आपल्याकडची निम्मी घरे महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. कुणाचे कुलदैवत जेजुरीला, कुणाचे तुळजापूरला. कुणाच्या भाच्याची मुंज पुण्याला, तर कुणाच्या घरचे लग्न नाशिकला. पूर्वी देवास गेटच्या बसस्टँडवर जाऊन गाडी धरायची, एवढेच आपले काम असे. टायर, हवा, ब्रेक हे सगळे चालक आणि क्लीनर पाहत. आता बऱ्याच घरांत स्वतःची गाडी आहे, आणि माणसे दहा-बारा झाली की ट्रॅव्हलर ठरवली जाते. गाडीच्या डिकीत हवा भरण्याचा छोटा विजेचा पंपही दिसू लागला आहे.

या पंपाबद्दल सभासद वारंवार विचारतात. घ्यावा का? ट्रॅव्हलरला चालेल का? बसचे चाक बसले तर यानेच भरता येईल का? आमचे उत्तर थोडक्यात असे : घरच्या गाडीसाठी पंप जरूर घ्यावा, आणि त्याचा खरा उपयोग रस्त्यापेक्षा घराच्या अंगणात, सकाळी निघण्याआधी आहे. बस-ट्रकच्या चाकाला तो पुरत नाही. आणि काही टायर असे असतात की त्यांत जागेवर हवा भरणेच धोक्याचे असते. हे तिन्ही मुद्दे आता सविस्तर पाहू.

वजन पेलते ती हवा

गाडीचे वजन टायरचे रबर पेलते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आत दाबून भरलेली हवा पेलते; रबर आणि त्यातल्या तारा-धागे त्या हवेला धरून ठेवतात. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. चाक मिनिटाला शेकडो फेरे मारते. तार वारंवार वाकवली की ती जशी गरम होते, तसाच टायर आतून तापतो. तापलेल्या टायरचे थर सुटू लागतात आणि शेवटी तो फुटतो. रस्त्यात टायर फुटला की आपण उन्हाला दोष देतो, पण ऊन बहुधा निमित्त असते. कमी हवा, जास्त सामान आणि वेग यांनी काम आधीच केलेले असते.

आपला नेहमीचा रस्ताच पाहा. उज्जैनहून पहाटेच्या गारव्यात निघायचे, इंदूर ओलांडून मानपूरकडचा घाट उतरायचा, खलघाटला नर्मदा पार करून सेंधव्यावरून बिजासन घाटाने खानदेशात जायचे. माळव्यातून निमाडात उतरले की उन्हाळ्यात उकाडा एकदम वाढतो. म्हणजे सर्वांत तापलेला रस्ता, घाट आणि भर दुपार हे सगळे एकत्र येते. पुण्यापर्यंत हा प्रवास सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. त्यासाठी हवा घरूनच बरोबर असायला हवी.

हवा थंड टायरमध्ये मोजावी

कारच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. पुढच्या व मागच्या टायरला किती पीएसआय हवा हवी, आणि माणसे-सामान पूर्ण भरलेले असेल तर किती, हे तिच्यावर लिहिलेले असते. तोच आकडा धरावा. टायरच्या बाजूवर कोरलेला कमाल दाब ही त्या टायरची मर्यादा आहे, आपल्या गाडीचे माप नव्हे.

पट्टीवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी निदान तीन तास उभी असेल, तर टायर थंड समजावा. पेट्रोल पंप चार-पाच किलोमीटरवर असेल तर तिथे पोहोचेपर्यंत टायर गरम होतो आणि दाब वाढलेला दिसतो. मग तिथला मुलगा "हवा जास्त आहे" म्हणून थोडी काढून टाकतो, आणि टायर गार झाल्यावर ती कमी पडते. गरम टायरमधून हवा काढू नये, हा नियम एवढ्यासाठीच. घरच्या पंपाचा मोठा फायदा हाच, की गाडी जागची न हलवता थंड टायर मोजता आणि भरता येतो.

ऋतूचाही हिशेब आहे. तापमान ५-६ अंशांनी उतरले की कारच्या टायरचा दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. मे महिन्यात ४० अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे १० अंशांना २७ च्या आसपास दिसेल. पंक्चर नसतानाही! म्हणून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा पाहावीच.

पंप वापरताना

छोटा पंप गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतो आणि साधारण १० ते १५ अँपिअर वीज घेतो. सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून मगच पंप घ्यावा, नाहीतर ऐन वेळी फ्यूज उडतो. गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन चालू ठेवावे, म्हणजे बॅटरी उतरत नाही. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नये. धूर जीवघेणा असतो.

पंप चालू असताना काट्यावर दिसणारा आकडा थोडा जास्त असतो. खरा दाब पंप थांबवून पाहावा. शक्य असल्यास हवा मोजण्याचा वेगळा गेज ठेवावा. पंपावर "सलग १० मिनिटे" अशी मर्यादा लिहिलेली असते, ती पाळावी. नळीचे पितळी तोंड चांगलेच तापते, मुलांना हात लावू देऊ नये. शेवटी व्हॉल्व्हची टोपी विसरू नये. धूळ आत गेली की व्हॉल्व्ह गळू लागतो.

ट्रॅव्हलर, बस आणि ट्रक

पंपाच्या खोक्यावर "१५० पीएसआय" छापलेले असते, म्हणून तो ट्रकलाही चालेल असे वाटते. पण दाब आणि हवेचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा हिशेब करू. कारच्या टायरमध्ये सुमारे २५ लिटर जागा असते. २६ पीएसआयवरून ३२ वर न्यायला बाहेरची सुमारे १० लिटर हवा आत ढकलावी लागते. ट्रकच्या १०.०० आर २० मापाच्या टायरमध्ये जागा चार-पाच पट असते आणि दाबही ११० पीएसआयच्या घरात लागतो. तो टायर ८० वर आला असेल, तर जवळजवळ २४० लिटर हवा लागेल. एका चाकाला कारच्या चोवीसपट काम, आणि बसला चाके सहा! शिवाय दाब चढत जातो तसा छोट्या पंपाचा वेग घटत जातो. चाक भरण्याआधी पंपच तापून बंद पडेल.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडच्या बहुतेक बस-ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा पंप तिथे जोडला की जळतो. ट्रॅव्हलरची वीज किती व्होल्टची आहे हे चालकाला आधी विचारावे.

मोठ्या गाड्यांना वेगळी सोय असते. एअर ब्रेकच्या बस-ट्रकमध्ये स्वतःचा कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी असते. तिच्यात साधारण ८ बार, म्हणजे ११५ पीएसआयच्या आसपास दाब असतो, आणि नळी जोडून चालक त्यातून चाक भरू शकतो. पंक्चरवाल्याकडेही टाकीचा कॉम्प्रेसर असतो. परदेशात राहणारी आपली मुले सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेतात, त्यांनाही हेच लागू आहे. तिथे थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचे मोठे पंप वापरतात. ते घेताना कमाल दाबाबरोबर मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि सलग किती वेळ चालतो, हेही पाहावे.

देवास गेटच्या स्टँडवर क्लीनर पान्याने टायर ठोकून पाहतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पूर्ण बसलेले चाक त्या आवाजावरून कळते. पण ११० च्या जागी ९० असेल तर कानाला कळत नाही. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या चाकाची हवा कमी असेल तर बाहेरून दिसतही नाही, आणि मग सगळा भार बाहेरच्या चाकावर जातो. सहलीची गाडी ठरवताना चालकदादांना आतली चाकेही गेजने मोजायला सांगावे. यात संकोच कसला? गाडीत आपलीच माणसे बसणार आहेत.

हवा भरू नये असा टायर

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या गाडीचा टायर ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चालला असेल, तर त्यात तशीच हवा भरू नये. पूर्ण हवा काढून, रिमवरून उतरवून, आतून तपासूनच तो पुन्हा भरावा, असा अमेरिकेतील कामगार-सुरक्षेचा नियम आहे. ११० पीएसआयच्या टायरसाठी ही रेषा ८८ वर येते. अशा टायरच्या बाजूतल्या पोलादी तारा वाकून तुटलेल्या असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही, पण हवा भरताना बाजू एकदम फाटते.

ट्यूबच्या ट्रक-टायरला रिमवर लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल तर दाबासरशी उडते आणि समोरच्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने भरतात. बस रस्त्यात थांबली आणि चाकात हवा भरणे चालू असेल, तर पाहायला जवळ जाऊ नये. टायरच्या बाजूसमोर तर उभेच राहू नये. मुलांना लांब न्यावे.

कारचा टायरही सपाट होऊन थोडे अंतर चालला असेल, तर त्यात हवा भरून पुढे जाऊ नये. स्टेपनी लावावी आणि टायर आतून तपासून घ्यावा. "स्टेपनी" हा शब्द मूळचा वेल्समधल्या लनेथली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरचा. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाकाचा धंदा सुरू झाला. नव्या नियमांमुळे काही गाड्यांत आता स्टेपनी नसते, त्याऐवजी पंक्चरचे साहित्य व पंप असतो. आपल्या गाडीत काय आहे ते आजच उघडून पाहावे, आणि स्टेपनी असेल तर तिचीही हवा मोजावी.

निघण्याआधी एवढे करावे

आदल्या संध्याकाळी टायरवर खिळा, काप किंवा फुगवटा आहे का ते पाहावे. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये छोट्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. कारसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. असा टायर हवेने सुधारत नाही, बदलावाच लागतो. सकाळी सामान चढवण्याआधी चारही टायर आणि स्टेपनी मोजून, पूर्ण भाराचा आकडा पाहून हवा भरावी. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तेव्हा आपले पाहुणे स्वतःच्या गाड्या घेऊन महाराष्ट्रातून इकडे येतील. त्यांनाही हा लेख आधीच पाठवून ठेवावा.