दुचाकीवरील सहकुटुंब प्रवास आणि प्रथमोपचार : बजाजनगरातील अनुभव

वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरात दुचाकी हा घरातील एक सदस्यच असतो. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या व इतर उद्योगांच्या आधाराने हा परिसर वाढत गेला. येथील कित्येक घरांत गाडीचे सुटे भाग घडविणारे, जुळविणारे वा तपासणारे हात आहेत. साहजिकच सुटी मिळाली की देवदर्शनाचा वा सहलीचा बेत दुचाकीवरूनच ठरतो. वेरूळचे घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती, पैठण ही जवळची ठिकाणे. जरा धाडस केले तर गोदाकाठचा प्रवरासंगम, पुढे शनिशिंगणापूर, नाहीतर गंगापूर-वैजापूरमार्गे शिर्डी. आषाढी एकादशीला मात्र कोठे जावे लागत नाही. शेजारचे पंढरपूर, म्हणजे आपले छोटे पंढरपूर, त्या दिवशी माणसांनी फुलून जाते.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी यांपैकी काही मंडळी आमच्या चिकित्सालयात येतात. मुलाला गाडी लागू नये म्हणून काही द्या, पोट बिघडले तर काही द्या, एवढीच त्यांची मागणी असते. आम्हीही अनेक वर्षे तेवढेच देत आलो. पुढे काही औषधविक्रेत्या मित्रांच्या साहाय्याने आम्ही प्रथमोपचाराचे डबे तयार केले आणि दोन तासांचे एक छोटे शिक्षण ठेवले. शिकावयास आले ते बहुतेक सारे गाडी चालविणारे पुरुष. त्यांनी मन लावून ऐकले, डबे घेतले, आणि आम्ही समाधानाने घरी गेलो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यांपैकी एकाची गाडी नगर रस्त्यावर घसरली. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध पडला. दंडाखाली खोल जखम होऊन रक्त वाहू लागले. मागे बसलेल्या पत्नीला केवळ खरचटले होते. जमलेल्यांपैकी एकाने बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतले, दुसऱ्याने जवळच्या हॉटेलातून हळद आणून जखमेत भरली. रक्त थांबेना. सुदैवाने गृहस्थ वाचला. हात पूर्ववत होण्यास मात्र बरेच महिने लागले. नंतर तो डबा आमच्याकडे आला तेव्हा त्याची चिकटपट्टीही निघालेली नव्हती. त्या बाई म्हणाल्या, “डॉक्टर, डबा डिकीत आहे हे मला माहीत होतं. पण उघडून करायचं काय, ते ह्यांनाच ठाऊक होतं.”

चूक आमची होती. दुचाकीच्या अपघातात ज्याला सर्वाधिक इजा होण्याचा संभव, त्यालाच आम्ही शिकविले आणि ज्याचे हात मोकळे राहण्याची शक्यता अधिक, त्याला घरी ठेवले. तेव्हापासून आमचा नियम असा, की शिक्षणास येताना मागे बसणाऱ्या व्यक्तीने आलेच पाहिजे. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही आम्ही बसवितो. दूरध्वनीवरून ठिकाण नीट सांगणे आणि स्वच्छ कापडाने जखम दाबून धरणे, ही दोन कामे मुले मोठ्यांपेक्षा न घाबरता करतात, असे आमचे निरीक्षण आहे.

शिक्षण केवळ व्याख्यानाचे नसावे, हे आपल्याला नव्याने कोणी सांगावयास नको. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा सराव फळभाज्यांवर आणि बंधनाचा सराव कापडी वा मातीच्या पुरुषाकृतीवर करावयास सांगितला आहे. शास्त्र पुष्कळ ऐकूनही ज्याने सराव केला नाही तो कर्मास अयोग्य, हा त्यांचा दंडक आहे. छाती दाबण्याच्या सरावासाठी आज वापरला जाणारा पुतळा हा त्याच परंपरेतला. तो सगळीकडे मिळत नाही. इंडियन रेड क्रॉस वा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रशिक्षकांशी संपर्क साधल्यास सोय होऊ शकते. श्वास व प्रतिसाद दोन्ही नसलेल्या प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा, हे वाक्य पाठ करणे सोपे; दोन मिनिटे ते करून पाहिल्यावरच माणसाला धाप म्हणजे काय ते कळते.

रक्तस्तंभनाचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन हे चार उपाय आपण विद्यार्थिदशेत शिकलो. रस्त्याच्या कडेला सामान्य माणसाने करावयाचे काम त्याहून साधे आहे : स्वच्छ कापड ठेवून थेट, जोराने आणि न उचकता दाबून धरणे. पाच-पाच मिनिटांनी उचलून पाहण्याचा मोह हाच तेथे मोठा शत्रू. हळद, कॉफी, चुना, राख यांपैकी काहीही वाहत्या जखमेत घालू नये. आयुर्वेदाचे चिकित्सक असूनही आम्ही हळदीला नाही म्हणतो याचे काहींना नवल वाटते. हळदीचे गुण आम्हांस मान्य आहेत. धूळ, खडी आणि हॉटेलच्या डब्यातली भुकटी एकत्र झालेली जखम शस्त्रक्रियागृहात स्वच्छ करणे किती अवघड, हेही आम्ही पाहिले आहे.

याहून नाजूक प्रश्न सायलेन्सरच्या चटक्याचा. लहान मुले उतरताना पोटरी सायलेन्सरला लावून घेतात. उन्हाळ्यात हे आम्ही वारंवार पाहतो. सुश्रुतसंहितेत दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार असून प्लुष्टावर उष्ण उपचार सांगितला आहे. आजचा व्यापक अनुभव मात्र भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा, असा आहे, आणि आम्ही तेच शिकवितो. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूपही त्या वेळी नाही. ग्रंथाविषयीचा आदर कमी न होता हे बोलता येते, असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी या त्रैमासिकातच सविस्तर लिहावे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. श्वास चालू असेल तर मान न पिळता, शक्यतो दोघातिघांनी मिळून, त्याला एका कुशीवर वळवावे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नये. श्वास अडला असेल वा उलटी होत असेल तरच एकाने मान व हनुवटी आधारून धरावी आणि दुसऱ्याने ते अलगद ओढावे. हे आम्ही प्रत्येक जोडप्याकडून करवून घेतो. पहिल्यांदा सारे हसतात.

आता प्रवासाच्या नियोजनाविषयी. या वसाहतीतला विशेष धोका रात्रपाळीचा आहे. सकाळी पाळी सुटली, आंघोळ केली आणि लगेच कुटुंबाला घेऊन शिर्डी, असा बेत येथे सर्रास होतो. चरकाचार्यांनी निद्रेला तीन उपस्तंभांत स्थान दिले आणि तेरा अधारणीय वेगांतही तिची गणना केली, ती काही अलंकारासाठी नव्हे. रात्रपाळीनंतर पूर्ण झोप झाल्याखेरीज गाडी काढू नये, हे आम्ही रुग्णाला औषधाइतक्याच ठामपणे सांगतो. मूत्रवेगाचेही तेच. वाटेत सोय नाही म्हणून स्त्रिया पाणीच पीत नाहीत आणि मे महिन्याच्या उन्हात चक्कर येते. थांबण्याची ठिकाणे निघण्यापूर्वी ठरवावीत. दर दीड तासाला थांबावे.

एका गाडीवर चौघे हा विषय अप्रिय आहे, तरी टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार चालकाखेरीज एकच व्यक्ती मागे बसू शकते. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२२ च्या नियमाने सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा ४४.५ टक्के होता. दोन मुलांचे कुटुंब असेल तर आम्ही सरळ एस.टी.ने जा म्हणतो. काही जण रागावतात, काही ऐकतात. साडीचा पदर आणि ओढणी मात्र खोचून बसण्याचे सारेच ऐकतात, कारण चाकात ओढणी गेल्याची एक तरी कथा प्रत्येक गल्लीत असते.

जखमीला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती अजून गेलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे, हे दर्शनी फलकावर लावण्याजोगे आहे. आपल्यापुरते बोलायचे तर, १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांवर बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने काम करीत आहेत. आपल्या शास्त्राला तातडीच्या प्रसंगी जागा नाही, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर द्यावे लागू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी थोडेसे. डब्यात निर्जंतुक गॉज, रुंद पट्ट्या, एक त्रिकोणी पट्टी, क्रेप बँडेज, हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि जलसंजीवनीची पाकिटे पुरेत. एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे ग्राहकाला तोंडी सांगावे; पेलाभर पाण्यात सारे पाकीट ओतणारे अजून भेटतात. काचेच्या बाटल्या नकोत. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, म्हणून गाडी चालविण्यापूर्वी ती घेऊ नयेत, असे देतानाच बजावावे. झाकणाच्या आतून घरातील प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी आणि १०८ व ११२ हे क्रमांक लिहून चिकटवावेत. आणि डबा कुलूपबंद डिकीत न ठेवता मागे बसणाऱ्याच्या खांद्यावरील पिशवीत द्यावा. बिल करतानाच तो त्यांच्याकडून एकदा उघडवून घ्यावा.