मुक्कामी राहणारी सिस्टर

दवाखान्यात नर्स दिसली की आपण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. बौद्ध असो, आदिवासी असो, मुसलमान असो, हाक तीच. ही हाक आली कुठून? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनमध्ये नर्सिंगची शाळा काढली ती १८६० साली. त्याच्या कितीतरी शतके आधीपासून युरोपात आजाऱ्यांची शुश्रूषा ख्रिस्ती धर्मभगिनी करत होत्या आणि त्यांना सिस्टर म्हणत. पुढे नर्सिंग हा पगारी पेशा झाला, संसार करणाऱ्या बायकाही त्यात आल्या, पण नाव तेच राहिले. आमच्यापैकी ज्यांनी नर्सिंगचा डिप्लोमा करून डोक्यावर टोपी चढवली, त्यांनाही ही हाक वारशानेच मिळाली.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आणि वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना या मूळच्या सिस्टरांविषयी, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनींविषयी, आम्हाला प्रश्न विचारले जातात. त्या लग्न का करत नाहीत? त्यांचा पगार कोण घेते? त्या धर्म बदलायला येतात का? प्रश्न रास्त आहेत. माहितीअभावी एकतर भीती वाटते, नाहीतर भोळी भक्ती. दोन्ही टाळून समजून घेऊ या.

त्या राहतात कशा?

आपल्या पालघर जिल्ह्यात वसईकडे ख्रिस्ती गावे पोर्तुगीज काळापासून आहेत. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तिथल्या अनेक घरांतल्या मुली सिस्टर झाल्या आहेत. सिस्टर होणे एका दिवसात होत नाही. मुलगी आधी संस्थेत राहून पाहते. मग निदान एक वर्ष दीक्षापूर्व शिक्षण असते. त्यानंतर ती तात्पुरती व्रते घेते आणि काही वर्षांनी कायमची. मधल्या काळात तिला परत घरी जाता येते. तसे जाण्यात कमीपणा मानायचे कारण नाही.

व्रते तीन. पहिले निर्धनतेचे : स्वतःच्या नावावर काही ठेवायचे नाही. ती नर्स असो की शिक्षिका, पगार संस्थेच्या सामायिक खात्यात जातो आणि गरजेप्रमाणे खर्चाला मिळतो. दुसरे ब्रह्मचर्याचे. तिसरे आज्ञापालनाचे : संस्था पाठवील तिथे जायचे. मदर तेरेसांच्या संस्थेत चौथे व्रत आहे, गरिबातल्या गरिबाची विनामोबदला सेवा करण्याचे.

दिवस पहाटे प्रार्थनेने सुरू होतो. नंतर काम. रात्री झोपण्याआधी आज आपले काय चुकले, कोणाशी कसे वागलो, याचा मनाशी आढावा. वर्षातून काही दिवस मौन पाळून एकांत. उपोसथ आणि वर्षावास माहीत असलेल्या आपल्या वाचकांना ही शिस्त परकी वाटणार नाही. सिस्टर म्हणजे फादर नव्हे हेही लक्षात घ्यावे. कॅथलिक चर्चमध्ये बाईला पुरोहित होता येत नाही. म्हणजे सेवेचा मोठा भार बायकांवर आणि वेदीचा अधिकार पुरुषांकडे.

बाळंतपणाला बंदी होती

आज ऐकून नवल वाटेल, पण १९३६ पर्यंत चर्चच्या नियमांनुसार सिस्टरांना डॉक्टरकी करायला आणि बाळंतपण करायला मनाई होती. व्रतस्थ बाईने प्रसूतीच्या खोलीत जाऊ नये, असा समज. त्याची किंमत कोण मोजत होते? रावळपिंडी तेव्हा अखंड हिंदुस्थानात होती. तिथल्या पडद्यात राहणाऱ्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नसत. बाई डॉक्टर नाही, सिस्टरला परवानगी नाही, आणि बाई घरातच मरायची. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅकलारेन यांनी तिथे १९०९ साली बायका-मुलांसाठी दवाखाना काढला आणि नियम बदला म्हणून रोमकडे वारंवार अर्ज केले. १९१३ साली त्या वारल्या. नियम तसाच राहिला.

१९२० साली त्याच दवाखान्यात ऑस्ट्रियाच्या तरुण डॉक्टर ॲना डेंगल आल्या. काही वर्षे काम केल्यावर त्यांना दिसले की एकटी डॉक्टर थकते, आजारी पडते, निघून जाते. एकत्र राहणाऱ्या, शिकलेल्या बायकांचा गट हवा. १९२५ साली अमेरिकेत दोन डॉक्टर आणि दोन नर्स अशा चौघींनी मिळून ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ ही संस्था सुरू केली. अकरा वर्षांनी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, रोमने बंदी उठवली. मुंबईत वांद्र्याचे होली फॅमिली हॉस्पिटल याच सिस्टरांनी उभारले, पुढे ते उर्सुलाइन सिस्टरांकडे गेले.

त्याच काळात ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी पोपची खास परवानगी घेऊन सिस्टर झाल्या आणि आंध्रातल्या गुंटूरला राहिल्या. त्यांनी स्थानिक मुलींना दाई, नर्स आणि औषधे देण्याचे काम शिकवले. १९४३ साली त्यांनी देशभरातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना बांधली. ती आजही चालू आहे.

यात आपल्यासाठी शिकण्यासारखे असे की धर्माचा नियमही माणसाने केलेला असतो. बायका मरत असतील तर तो बदलावा लागतो, आणि तो बदलायला बायकांनाच उभे राहावे लागते.

एका रात्रीची जागा

भीमा कोरेगावला जाणाऱ्यांना वढू बुद्रुक माहीत आहे. तिथे १९९७ साली सिस्टर लुसी कुरियन यांनी ‘माहेर’ हे निराधार बायका-मुलांचे घर सुरू केले. त्यामागची घटना त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९९१ साली पुण्यात एक गरोदर बाई आसरा मागायला आली. नवरा मारून टाकील म्हणत होती. ठेवायला जागा नव्हती. उद्या काहीतरी करू, असे सांगून तिला परत पाठवावे लागले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवले. ती गेली, पोटातले बाळही गेले. ‘माहेर’मध्ये जात आणि धर्म विचारत नाहीत.

बाबासाहेबांचा प्रश्न

आता धर्मांतराविषयी. सिस्टर आपल्या श्रद्धेने काम करतात, ती श्रद्धा त्या लपवत नाहीत. उपचार मात्र धर्मावर अवलंबून नसावेत. कोणी तशी अट घातली तर स्पष्ट नकार द्यावा. पण केवळ संशयाने चांगला दवाखाना टाळून बाळंतपण घरी करू नये. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिले आहे. धर्म बदलूनही जात चर्चच्या आत टिकून राहते, हे त्यांनी दाखवले. दलित ख्रिस्ती बांधव आजही त्याविरुद्ध बोलतात.

त्याच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत भिक्खूविषयी प्रश्न टाकला : तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हावा की समाजाचा सेवक? त्यांचा कल सेवकाकडे होता. बुद्धांनी आणि आनंदांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो. सिस्टरांकडून घ्यायचे असेल तर हेच : सेवा मनात आली तेव्हा केली असे नाही. वेळ ठरलेली, शिक्षण घेतलेले, आणि मुक्काम लोकांमध्ये.

जव्हार-मोखाड्यात मुक्कामाची किंमत

१९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी परिसरात शंभरावर बालके दगावली आणि कुपोषण राज्याला कळले. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी तेच पुन्हा समोर आणले. कारणे आपण जाणतो : लहान वयात लग्न, अंगात रक्त कमी, दोन बाळंतपणांत कमी अंतर, पावसात तुटणारे रस्ते, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर. त्यात भर म्हणजे रात्री दवाखान्यात हजर असणाऱ्या माणसाची वाण. कळा दिवस-रात्र पाहत नाहीत. मुक्कामी नर्स हा उपकार नाही, हक्क आहे. ग्रामसभेत तो लेखी मागावा.

तोवर विहाराच्या महिला मंडळाने इतके करावे :

१. गरोदर बाईची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत आशाताईकडे करावी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. ७ च्या खाली असेल तर मोठ्या दवाखान्यात न्यावेच लागते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत.

२. रक्तस्राव, झटके, खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे : यातले एक जरी दिसले तरी थांबू नये. १०८ ला फोन करावा.

३. रस्ता तुटणाऱ्या पाड्यावरची बाई तारखेच्या आठ-दहा दिवस आधी दवाखान्याजवळ आणावी. आदिवासी भागातल्या निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासाठी ‘माहेरघर’ योजना आहे. तिथे गरोदर बाईला आधीपासून राहता येते. आपल्या केंद्रात ती आहे का, विचारावे.

४. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत मोजून घ्यावा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित आहे, त्याला लगेच उपचार हवेत.

५. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वस्त्यांतील वाचकांनो, तुमच्या शेजारच्या वीटभट्टीवर जव्हार-मोखाड्याची बाई असते. गाव सुटले की तिचा दवाखाना सुटतो, मुलांची अंगणवाडी सुटते. तिला जवळच्या आशाताईशी जोडून द्या.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर वस्तीतल्या आणि भट्टीवरच्या गरोदर बायकांची यादी करा. प्रत्येकीच्या नावापुढे रात्री हाक मारली तर उठेल अशा दोघींची नावे लिहा.

जय भीम.