उत्तर कोंकणांतील फिरंगी नगरें व तेथील लेखांचें वाचन

वसईचें नांव घेतांच आपणांस चिमाजीआप्पांची मोहीम आठवते, आणि तें योग्यच आहे. तथापि इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली तेव्हांपासून १७३९ पर्यंत तेथें पाश्चात्य धर्तीचें एक नगर दोन शतकांवर नांदत होतें, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. त्याचीं कागदी साधनें गोवें व लिस्बन येथील दप्तरांत आहेत. पाषाणावरील व धातूवरील साधनें मात्र आपल्याच प्रांतांत उन्हापावसांत झिजत आहेत. वसई, रेवदंडा व कोर्लई हीं स्थळें पाहूं जाणाऱ्या संशोधकानें तेथें काय व कसें वाचावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पहिली सावधगिरी शिलालेखांतील सालाविषयीं. वसईच्या किल्ल्यांतील सेंट जोसेफच्या चर्चवरील लेखांत १६०१ हें साल आहे. पण तें जीर्णोद्धाराचें होय. मूळ चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यास उभें राहिलें. आपल्या देवालयांवरील जीर्णोद्धाराच्या शकावरून मूळ देवालयाचा काळ ठरविणें जसें चुकीचें, तसेंच हेंही.

दुसरी सावधगिरी थडग्यांविषयीं. प्रथम आम्ही वसईस गेलों तेव्हां एका शिळेवरील साल मृत्यूचें समजून टिपून घेतलें, व पुढें कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस तसेंच सांगितलें. पोर्तुगीज जाणणाऱ्या एका स्नेह्यानें ठसा वाचून आमचा भ्रम दूर केला. फिरंगी थडग्यांवर दोन प्रकारची वाक्यें आढळतात. एकांत ‘येथें अमका निजला आहे’ असें असतें. दुसऱ्यांत ‘ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची’ असें असतें. हें दुसरें वाक्य मालकीचें आहे. आपल्या ताम्रपटांतील ‘पुत्रपौत्रान्वयोपभोग्य’ ह्या पदासारखाच त्याचा हेतु. अशा शिळेवरील साल जागा घेतल्याचेंही असूं शकतें. मृत्यूचा स्पष्ट उल्लेख असल्यावांचून तें मृत्यूचें मानूं नये.

तिसरी गोष्ट कालगणनेची. पोर्तुगालनें १५८२ तच ग्रेगोरीय पंचांग स्वीकारलें. इंग्रजांनीं तें १७५२ पर्यंत स्वीकारलें नाहीं. अठराव्या शतकांत ह्या दोहोंत ११ दिवसांचें अंतर होतें. म्हणून वसईचा तह पोर्तुगीज गणनेनें १६ मे १७३९ रोजीं झाला, तर जुन्या इंग्रजी गणनेनें तो दिवस ५ मे ठरतो. मुंबईकर इंग्रजांचें पत्र व पोर्तुगीज पत्र समोरासमोर ठेवून जो तिथि काढूं पाहील, त्यानें प्रथम हें अंतर वजा करावें. नाहीं तर एकाच घटनेच्या दोन घटना होतील.

आतां घंटांविषयीं. विजयानंतर चर्चमधील घंटा मराठे सरदारांनीं देशावर नेऊन देवालयांस वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हें साल आहे. वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर मेरी व बालयेशू ह्यांची आकृति आहे. भीमाशंकरींही अशीच एक घंटा आहे. मात्र प्रत्येक फिरंगी घंटा वसईचीच, असें म्हणण्याचा जो प्रघात पडला आहे तो तपासून घेतला पाहिजे. घंटेवरील साल १७३९ च्या पुढचें असेल तर ती त्या विजयांतील नव्हे, हें निश्चित. साल आधींचें असेल तर ती वसईची असणें शक्य, इतकेंच सिद्ध होतें. कारण साष्टी १७३७ त व चौल १७४० त मराठ्यांकडे आलें, आणि चर्चें तेथेंही होतीं. वसईचा निर्णय व्हावयास स्वतंत्र कागद हवा.

रेवदंड्यास तटाच्या आंत फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा उभा आहे; लोक त्यास सातखणी म्हणतात. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला आहे. १५९४ त पोर्तुगीजांनीं तो निजामशाहीकडून घेतला, व १७४० त तोही मराठ्यांस मिळाला. पण कोर्लईचा खरा लेख तटावर नाहीं. तो पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीच्या मुखांत आहे. तेथील बोलीस ते लोक ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. तिचे शब्द बहुतांशीं पोर्तुगीज आहेत. परंतु क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें. सत्ता गेल्यावर पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ ती बोली टिकली आहे. पाषाणांपेक्षां हें साधन अधिक नाजूक आहे. बोलणारे गेले म्हणजे त्याचा ठसा घेतां यावयाचा नाहीं.

संग्राहक मित्रांस विनंति इतकीच. शिळेवर खडू अथवा तेल लावूं नये, व अक्षर उकरूं नये. सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत छायाचित्र घ्यावें. अक्षरें दिसतील तशीं आधीं उतरावीं, अर्थ मागाहून लावावा. जें दिसत नाहीं तेथें रिकामी जागा सोडावी. जुन्या पोथीची नक्कल करितांना आपण हा नियम पाळतों. तोच येथें पाळला म्हणजे आमच्यासारखी चूक करून ती वर्षानुवर्षें शिकविण्याचा प्रसंग कोणावर येणार नाहीं.