शंका-नोंदवही : प्रश्न सुटला असे केव्हा समजावे?

शेतकऱ्याने प्रश्न विचारला आणि कार्यकर्त्याने उत्तर दिले, म्हणजे काम संपले असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः उत्तर मिळणे व प्रश्न सुटणे या दोन भिन्न गोष्टी होत. सामूहिक विकास योजनेस २ ऑक्टोबर १९५२ रोजी आरंभ झाला, तेव्हापासून गावोगाव फिरून शंका ऐकण्याचे काम ग्रामस्तरावरील कार्यकर्ते करीत आले आहेत. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाल्यापासून १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर दूरध्वनीनेही सल्ला मिळू लागला. विचारण्याची सोय वाढली. तथापि दिलेला सल्ला शेतात लागू पडला किंवा नाही, हे गावातच पाहावे लागते. त्यासाठी एक साधी शंका-नोंदवही पुरेशी आहे.

नोंद कशी करावी

वहीत पाच रकाने आखावेत : तारीख, शेतकऱ्याचे नाव व पीक, त्याने सांगितलेली लक्षणे, दिलेला सल्ला, आणि खूण. प्रश्न नोंदविताना खुणेचा रकाना कोरा ठेवावा. सल्ला दिल्यावर तेथे एक तिरकी रेघ ओढावी. बरोबरची खूण मात्र शेताची पुन्हा पाहणी करून व शेतकऱ्याने स्वतः होकार दिल्यावरच करावी. खुणेशेजारी गुण कशाने आला, ते एका ओळीत लिहावे.

कपाशीचे उदाहरण

धुळे जिल्ह्यात कपाशीची पाने लाल पडली की शेतकरी ‘लाल्या आला’ असे म्हणतात. परंतु लाल्याची कारणे अनेक आहेत. नत्र किंवा मॅग्नेशियमची उणीव, साचलेले पाणी, रात्रीची थंडी आणि तुडतुड्यांचा उपद्रव यांपैकी कशानेही पाने लाल होतात. मॅग्नेशियमची उणीव असल्यास १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून केलेली फवारणी उपयोगी पडते. कारण तुडतुडे असल्यास या फवारणीने तुडतुडे हटत नाहीत. वहीत केवळ ‘लाल्या – फवारणी – सुटला’ एवढेच लिहिल्यास शेजारचा शेतकरी तेच औषध आणून व्यर्थ खर्च करील. म्हणून पानाच्या खालच्या बाजूस तुडतुडे होते काय, पाणी साचले होते काय, हेही नोंदवावे. लाल झालेली पाने सहसा पुन्हा हिरवी होत नाहीत. यास्तव खूण करण्यापूर्वी नवी पालवी निरोगी आहे काय, ते पाहावे.

केळीचे उदाहरण

जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांत केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूचा उपद्रव झालेला आहे. कोवळ्या झाडांच्या पानांवर पिवळसर पट्टे दिसतात. ही अन्नद्रव्यांची उणीव समजून फवारणी सुचविली आणि त्याच दिवशी प्रश्न सुटल्याची खूण केली, तर मोठी हानी होते. कारण तोपर्यंत मावा हा रोग इतर झाडांवर नेतो. या रोगाने ग्रासलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करावे, तण काढावे, माव्याचा बंदोबस्त करावा आणि बागेत काकडीवर्गीय पिके किंवा मिरची घेऊ नये. येथे प्रश्न सुटणे म्हणजे झाड बरे होणे नव्हे. दर चार-पाच दिवसांनी पाहणी करून नवीन रोगट झाड लागोपाठ आढळले नाही, तरच खूण करावी. पुन्हा एकही झाड आढळल्यास ती खूण खोडून प्रश्न पुन्हा खुला करावा. त्यात कार्यकर्त्याने कमीपणा मानू नये.

न सुटलेले प्रश्न

ज्या नोंदीपुढे तिरकी रेघच राहिली आहे, त्या दर आठवड्यास प्रथम पाहाव्यात. स्थानिक उपाय संपल्यास नमुन्यासह प्रश्न कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा, केळीचा असल्यास, जळगाव येथील केळी संशोधन केंद्राकडे न्यावा आणि तसे वहीत लिहावे.

सुटलेले प्रश्न हंगामाच्या आरंभी गावच्या बैठकीत वाचून दाखवावेत. एका शेतकऱ्याच्या शेतात पडताळलेले उत्तर दहा शेतकऱ्यांचा खर्च वाचविते. न पडताळता केलेली खूण मात्र त्याच दहा जणांना चुकीच्या वाटेवर नेते. सबब, वहीत खुणा किती झाल्या यापेक्षा त्या खऱ्या किती आहेत, याकडे प्रत्येक कार्यकर्त्याने लक्ष द्यावे.