लहान रुळांवरची आगगाडी

आगगाडी पाहून ज्याचे मन हरखत नाही, असा मुलगा विरळाच. दुरून शिट्टी ऐकू आली, की मुले धाव घेतात, डबे मोजू लागतात आणि गार्डाचा डबा दिसेनासा होईपर्यंत जागची हलत नाहीत. काही माणसांचे हे वेड मोठेपणीही ओसरत नाही. अशी माणसे घरातील एखाद्या खोलीत लाकडी फळ्यांचा मंच उभारतात, त्यावर रूळ अंथरतात, पूल, बोगदे व स्थानके रचतात आणि उतारूंच्या चिमुकल्या गाड्या वेळापत्रकाप्रमाणे चालवितात. याला खेळ म्हणावे की विद्या, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो.

खेळण्यातली गाडी आणि प्रतिकृती यांत मोठा भेद आहे. खेळण्यातली गाडी आगगाडीसारखी दिसली म्हणजे पुरे. प्रतिकृतीला मात्र मापाचा जाब द्यावा लागतो. खऱ्या डब्याची लांबी, रुंदी आणि उंची ज्या प्रमाणात लहान केली, त्याच प्रमाणात त्याची खिडकी, दार व चाकही लहान झाले पाहिजे.

या छंदाला शिस्त आली ती रुळांचे माप ठरल्यामुळे. जर्मनीतील मेर्कलिन या खेळण्यांच्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक अंतराच्या रुळांवरून धावणाऱ्या गाड्या मांडल्या. माप ठरलेले असल्यामुळे आज आणलेल्या इंजिनाला पुढील वर्षी आणलेला डबा जोडता येऊ लागला. रूळ वाढविता येऊ लागले आणि पेटीतल्या खेळण्याची हळूहळू घरगुती रेल्वे झाली.

आज जगात सर्वांत अधिक रूढ असलेले प्रमाण 'एच्. ओ.' या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक लांबी ८७ पटींनी लहान केलेली असते. युरोपात व अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले, की १६.५ मिलिमीटर येतात. म्हणून बाजारात मिळणारे रूळ त्या मापाचे असतात. आपल्याकडील रुंद मार्ग मात्र १,६७६ मिलिमीटरचा आहे. त्याची खरी प्रतिकृती करावयाची तर रुळांत सुमारे १९.३ मिलिमीटर अंतर हवे. तसे रूळ सहज मिळत नाहीत. म्हणून आपल्या देशातील बहुतेक छांदिष्ट डबे प्रमाणात करतात आणि ते १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर चालवितात. ही पहिली तडजोड होय.

दुसरी तडजोड जागेपायी करावी लागते. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ सालापासून ज्या जातीचे पोलादी डबे बनू लागले, तो डबा सुमारे २१.३ मीटर लांब. त्याची प्रतिकृती साडेचोवीस सेंटिमीटरांची होते. अठरा डब्यांची पूर्ण गाडी करावी, तर इंजिनासह ती साडेचार मीटरांहून लांब भरेल. एवढी गाडी मावणारी खोली किती घरांत असेल? मग पाच-सहा डब्यांवर समाधान मानावे लागते. वळणांचेही तसेच. आपल्या रुंद मार्गावर अगदी तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरली जाते. ८७ ने भागल्यावरही तिचे दोन मीटर उरतात. म्हणजे गाडीला नुसती फेरी मारता यावी, यासाठी चार मीटर रुंद जागा हवी. घरात सहसा साठ-सत्तर सेंटिमीटर त्रिज्येचीच वळणे बसतात.

अशा वळणावर मालगाडीचे आखूड डबे सहज फिरतात. पण उतारूंचे लांब डबे अडचणीत येतात. डबा सरळ आणि मार्ग वाकडा, त्यामुळे डब्याचा मध्यभाग आत झुकतो व टोके बाहेर जातात. फलाट अगदी जवळ असेल, तर डबा त्याला घासतो. जाणकार मांडणारा म्हणून फलाट नेहमी सरळ मार्गावर बांधतो आणि तीव्र वळण डोंगराच्या किंवा बोगद्याच्या आड लपवितो. पाहणाऱ्याला बोगदा सुंदर दिसतो. बांधणाऱ्याला त्याचे कारण ठाऊक असते.

चढाचा हिशेब तर आपल्या परिचयाचा आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गावर ३७ फुटांना १ फूट अशी चढण आहे. तेथे गाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. घरातील एक मार्ग दुसऱ्यावरून न्यावयाचा, तर त्याला सुमारे आठ सेंटिमीटर उंच चढवावे लागते. भोर घाटाचीच चढण ठेवली, तर त्यासाठी जवळजवळ तीन मीटर लांबीचा मार्ग खर्ची पडतो. घाई करून चढण अधिक उभी केली, की इंजिनाची चाके जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही.

आता एक नवलाची गोष्ट. लांबी ८७ पटींनी घटते, पण वजन किती पटींनी? लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही ८७ पटींनी घटतात. म्हणून वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी व्हावयास हवे. या हिशेबाने ४० टनांचा डबा अवघ्या ६० ग्रॅमांचा होईल. पण इतका हलका डबा रुळांच्या लहानशा सांध्यावरही उडतो. वळणावर इंजिनाने ओढताच आतल्या बाजूला कलंडतो. म्हणून डब्याच्या तळाशी धातूचे तुकडे चिकटवून त्याचे वजन दीडशे ग्रॅमांच्या आसपास नेतात. भार तळाशीच हवा. छताजवळ ठेवला, तर डबा उलट अधिक डोलतो. मापे आपण लहान करू शकतो; निसर्गाचे नियम लहान करता येत नाहीत. हे ज्याला उमगले, त्याची गाडी रुळांवरून घसरत नाही.

गाडी चालते ती विजेवर. घरातील वीज ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे १२ व्होल्टपर्यंत उतरवून, एकाच दिशेने वाहणारी करून रुळांत सोडतात. ती एका रुळातून इंजिनात शिरते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. प्रवाहाची दिशा उलटविली, की गाडीही उलट चालते. दोन्ही बाजूंची चाके आसामधून विजेने जोडली जाऊ नयेत, याची काळजी घ्यावी लागते. नाहीतर वीज मोटरीत न शिरता आडवाटेने परत जाईल. रुळांवर धूळ साचली, तरी प्रवाह तुटतो. म्हणून रूळ पुसणे हे या रेल्वेचे नित्यकर्म होय. विजेची जोडणी मात्र वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावी.

गाडी तयार झाली, की नवशिक्याला ती भरधाव सोडण्याचा मोह होतो. पण ताशी १०० किलोमीटर वेगाची प्रतिकृती सेकंदाला केवळ ३२ सेंटिमीटर चालते. स्थानकातून निघताना तर तिने त्याहूनही सावकाश सरकले पाहिजे. खरी आगगाडी बाणासारखी सुटत नाही. ती हळूहळू वेग घेते आणि थांबण्यापूर्वी बऱ्याच अंतरावरून तो आवरते.

दोन गाड्या आल्या, की नियम आले. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत, म्हणून रेल्वेत चालकाला टोकन देण्याची पद्धत पुष्कळ वर्षे रूढ होती. ज्याच्या हाती टोकन, त्यानेच पुढच्या स्थानकापर्यंत जावयाचे. दोन मित्र खोलीच्या दोन टोकांना बसून दोन स्थानके सांभाळू लागले, की एका साध्या मण्यानेही हा नियम पाळता येतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणे किती अवघड असते, हे तेव्हा कळते.

पुण्यात कोथरूड भागात लहान रेल्वेंचे एक संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तेथे अशा गाड्या धावताना पाहावयास मिळतात. पण आरंभ करण्यासाठी पुठ्ठा, मोजपट्टी व कात्री पुरे. एखाद्या खऱ्या डब्याची मापे मिळवा, त्यांना ८७ ने भागा आणि डबा उभा करा. एक खिडकी जरी चुकली, तरी ती डोळ्यांना लगेच खुपेल.

प्रतिकृतीचा डबा घसरला, तर आपण तो दोन बोटांनी उचलून पुन्हा रुळांवर ठेवतो. खऱ्या डब्यात आपल्यासारखीच माणसे बसलेली असतात. तेथे ही सवलत नाही. रूळ जोडणारा, सिग्नल देणारा, गाडी हाकणारा अशा अनेकांच्या सावधपणावर त्यांचा प्रवास सुखरूप होतो. लहान रुळांवर ज्याने तो सावधपणा मन लावून पाळला, त्याला मोठ्या रुळांवर राबणाऱ्या माणसांचे मोल निराळे सांगावे लागत नाही.