पांढरीच्या मातीचा रंग

दिवाळी जवळ आली की व्यापारी कुटुंबांत दोन कामे एकदमच निघतात : नव्या वह्यांची तयारी आणि घराची रंगरंगोटी. वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव. भोवती कापसाची काळी जमीन आणि रस्त्याने अखंड वाहतूक. अशा गावात पांढरीशुभ्र भिंत धुळीने लवकर मळते, तर गडद रंगाने पुढे दुकान व मागे घर असलेल्या वास्तूतील मधल्या खोल्या अधिकच अंधारतात. त्यामुळे शेड कार्ड चाळताना अनेकांचे बोट अखेर एकाच रंगावर स्थिरावते. त्याचे नाव बेज.

हे नाव परके असले तरी रंग मात्र परका नाही. फ्रेंच भाषेत ‘बेज’ म्हणजे मुळात न रंगवलेली लोकर. आपल्याकडे हाच मान कोऱ्या मांजरपाटाचा. ज्या जिल्ह्यात हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्या चालल्या, तेथील कापड दुकानदाराला धुतलेल्या आणि कोऱ्या कापडातील फरक सांगावा लागत नाही. गावकामाच्या जुन्या भाषेत शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. त्या पांढरीच्या मातीनेच पिढ्यान्पिढ्या भिंती उभ्या राहिल्या आणि सारवल्या गेल्या. याच जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात मातीच्या भिंतींची आणि कवेलूंच्या छपराची बापूकुटी आजही पाहता येते. मातीच्या छटांतही प्रसन्नता आणि भारदस्तपणा असतो, हे तेथे शब्दांवाचून पटते.

आधी घर पाहावे, मग शेड कार्ड

बेज हा एकच रंग नव्हे. त्याच्या पोटात कोठे पिवळी, कोठे गुलाबी, तर कोठे हिरवट-करडी झाक दडलेली असते. कार्डावरील बोटभर चौकोनात ती दिसत नाही, चार भिंती रंगल्यावर मात्र तीच प्रथम दिसते. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. नमुन्याशेजारी कोरा पांढरा कागद धरावा, झाक लगेच वर येते.

निवडीचा आरंभ भिंतीपासून न करता जे बदलायचे नाही त्यापासून करावा. फरशी, दारे, आजोबांच्या काळातील सागवानी कपाट या वस्तू घरात राहणारच आहेत. हिरवट कोटा फरशीवर गुलाबी झाकेचा बेज घेतला, तर हिरव्याच्या सान्निध्यात त्याचा गुलाबीपणा अधिकच भडकतो. तेथे किंचित पिवळी झाक शोभते. सागवान स्वतःच तांबूस-पिवळे असते. त्याच्यामागे फार पिवळी भिंत आली की सारी खोली नारिंगी भासते, म्हणून तेथे शांत, वाळूसारखी छटा बरी. फरशी साय रंगाची असेल, तर भिंत त्याच कुळातील पण स्पष्टपणे फिकी किंवा गडद असावी. दोन्ही जवळजवळ सारख्या झाल्या, तर त्यांतील एक मळकी वाटते. देवघरातील संगमरवराच्या मागे थोडा गडद बेज दिला, की संगमरवराची शुभ्रता खुलते.

पडदे, चादरी आणि बैठक यांत भिंतीच्याच कुळातील फिक्या-गडद छटा घ्याव्यात. तिसरा, ठसठशीत रंग थोडाच असावा. निळीचा गडद निळा, बाटलीचा हिरवा किंवा आष्टी-कारंजा भागातील संत्र्यांचा नारिंगी यांपैकी एखादा लोडाच्या अभ्र्यापुरता पुरेसा होतो.

उजेडाची परीक्षा

तीच छटा उत्तरेच्या खोलीत थंड आणि पश्चिमेच्या खोलीत सायंकाळी सोनेरी दिसते. रात्रीचा प्रश्न वेगळा. पुष्कळ घरांत 6500 केल्विनचे निळसर-पांढरे दिवे असतात. त्यांच्याखाली उबदार बेजही राखाडी पडतो. बैठकीत व शयनगृहात 2700 ते 3000 केल्विनचे दिवे लावले, तर दिवसाची ऊब रात्रीही टिकते. दुकानात मात्र मालाचा रंग ग्राहकाला खरा दिसायला हवा, म्हणून तेथे 4000 केल्विनच्या आसपासचा उजेड योग्य.

यासाठी दोन फूट चौकोनाचा नमुना दोन निरनिराळ्या भिंतींवर दोन हात देऊन लावावा. तो पूर्ण वाळू द्यावा आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावा. भिंती एकमेकींवर रंग परावर्तित करतात, म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा सहसा बरोबर ठरते.

भिंतीची तयारी आणि जयणा

पूर्वी रंगारी चुन्याच्या निवळीत पिवडी आणि चिमूटभर गेरू मिसळून हीच छटा साधत. आज डबा तयार मिळतो, पण भिंतीची तयारी चुकत नाही. पावसाळ्यात मुरलेली ओल तशीच झाकली, तर काही महिन्यांत पोपडे सुटतात. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून थेंब दिसले, तर रंगकाम थांबवावे.

जुन्या दारांचा आणि खिडक्यांचा ऑइल पेंट खरवडताना अधिक सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. असे थर कोरडे घासू नयेत. ते पाण्याने ओले करून घासावेत आणि त्या काळात मुले व गर्भवती यांना दूर ठेवावे. धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून बनवलेला ‘प्राकृतिक पेंट’ 12 जानेवारी 2021 रोजी बाजारात आला. तो डिस्टेंपर व इमल्शन या दोन्ही प्रकारांत मिळतो आणि त्याच्या पांढऱ्या मूळ रंगात बेजची छटा मिसळता येते. तो जयपूरच्या ज्या संस्थेत विकसित झाला, तिला जे. सी. कुमारप्पा यांचे नाव आहे. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतूनच उभे केले होते.

दिवाळीपूर्वीचे रंगकाम चातुर्मासातच येते. दिव्याकडे झेपावणारे जीव ओल्या भिंतीला चिकटून मरतात. म्हणून काम दिवसाउजेडी करावे, सूर्यास्तापूर्वी थांबवावे आणि डबे झाकून ठेवावेत. रंगाऱ्याशी व्यवहार ठरवतानाच ही अट स्पष्ट सांगितली, तर पुढे वाद होत नाही.

रंग नवा आला की फरशी जुनी वाटते, फरशी बदलली की कपाट खटकते, आणि खर्चाला अंत राहत नाही. घरातील वस्तू पाहून निवडलेला बेज ही साखळी पहिल्याच कडीला थांबवतो. आजोबांचे कपाट आहे तेथेच राहते, आणि अपरिग्रहाची शिकवण मुलांना घरातच पाहायला मिळते.