खोल पाणी पकडणारी नळी

करड्या प्लास्टिकची, हातभर लांबीची जाड नळी. दोन्ही टोकांना झाकणं, आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं रबर, खाली छोटी तोटी, वर हवेचा स्क्रू. समुद्रापासून दूर असलेल्या नाशिकमध्ये अशी वस्तू भंगारात दिसली, तर कोणीही तिला पंपाचा भाग समजेल. पण आतलं रबर बघा, तिथेच ओळख पटते. ही निस्किन बाटली, समुद्रातलं पाणी नेमक्या खोलीवरून वर आणणारी.

ती उघडीच खाली सोडतात, म्हणजे दाबाने चेपत नाही. हवी ती खोली आली की दोरावरून एक वजन सोडायचं. ते खटक्यावर आदळतं, रबर आखडतं आणि दोन्ही झाकणं एकदम मिटतात. मोठ्या संशोधन जहाजांवर अशा 12 किंवा 24 बाटल्या गोल चौकटीत बसवतात आणि विजेच्या इशाऱ्याने बंद करतात.

बाटली धातूची आणि तिला थर्मामीटरची नळकांडी जोडलेली असतील, तर ती जुनी नान्सेन बाटली. ती उलटी होऊन मिटायची. त्याच क्षणी थर्मामीटरमधला पारा तुटायचा आणि खोलीवरचं तापमान वर येईपर्यंत तसंच टिकायचं. किती सुंदर युक्ती! शेल निस्किन यांनी सुधारित बाटलीचं पेटंट 1966 मध्ये घेतलं.

समुद्रच कशाला, नाशिकजवळच्या गंगापूर धरणातही निस्किन बाटली चालेल. उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या तळाशी प्राणवायू कमी होऊ शकतो आणि काठावरून बादली बुडवून ते कधीच कळत नाही.